अहो, हवा किती उरली?

आमचं कडा बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं. इथं लेक देताना आधी विहिरीला पाणी किती ते विचारतात. अशा गावचे आम्ही नवराबायको दरवर्षी मालवणला जाऊन समुद्रात बुड्या मारतो, हे ऐकून शेजारच्या काकू गालाला हात लावतात.

पोहायला आम्ही दोघं विहिरीतच शिकलो, पाठीला वाळका भोपळा बांधून. समुद्राची गाठ पडली 2013 साली. दारात टँकर येत होता, अन् आम्ही सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाणबुड्यांची विद्या शिकत होतो! पहिला नियम असा, की जोडीदारावाचून उतरायचं नाही. एकाची नळी बिघडली तर दुसऱ्याच्या जादा नळीतून श्वास घ्यायचा. दुसरा नियम काट्याचा. सिलिंडर दोनशेवर भरलेला असतो. पन्नास उरले असतानाच वर पोचायचं. रांजणात काठी घालून पाणी मोजणाऱ्यांना हे काय शिकवायचं?

उखाण्याखेरीज मी ह्यांचं नाव कधी घेतलं नाही. खाली तर 'अहो'सुद्धा म्हणता येत नाही. मग लोखंडी कडीनं सिलिंडरवर टकटक करते. हे वळून बघतात. अंगठा वर केला म्हणजे 'झकास' नव्हे हं, 'वर चला'. इतक्या वर्षांत आमचं पाण्याखाली एकदाही भांडण झालेलं नाही. जमिनीवरचा हिशेब वेगळा.

पूर्वी माझाच काटा आधी उतरायचा, आणि हे माझ्यासाठी वर यायचे. गेली दोन वर्षं उलटं झालं आहे. ह्यांना सहासष्टावं लागलं. परवा म्हणाले, "तू त्या शिकवणाऱ्या पोराबरोबर उतर. मी होडीत बसेन."

मी उत्तर दिलं नाही, गणित मांडलं. दहा मीटरांवर दाब दुप्पट, म्हणून प्रत्येक श्वासाला हवाही दुप्पट लागते. पाच मीटरांवर दीडपटच. तेव्हा यंदा पाचाच्या खाली जायचं नाही. पट्टेरी मासे तिथंही असतात.

"आणि डॉक्टर नको म्हणाले तर?" ह्यांनी विचारलं. तपासणी भाऊबीजेनंतर आहे. मी चकल्या डब्यात भरत होते. एस. टी.ची दोन तिकिटं मात्र आधीच काढून ठेवली आहेत.