हप्त्याने गेलेली गाडी

परवा मामेभावाचा फोन आला. त्याला जुनी गाडी काढायची आहे. "तू मामांची विकलीस ना गं ऑनलाइन? फोटो टाकायचे, गिऱ्हाईक आलं की पैसे घेऊन किल्ली द्यायची, एवढंच ना?"

मी "हो, एवढंच" म्हणून फोन ठेवला आणि आईकडे बघून हसायला लागले. आईही हसली. बाबा मात्र पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "त्याला म्हणावं, टॅग आधी काढ."

तर ही त्या टॅगची गोष्ट. मामेभाऊ वाचेलच, म्हणून त्याच्या कामाची माहितीही अधूनमधून पेरते आहे. ज्यांना गाडी विकायची नाही त्यांनी तेवढा भाग गाळला तरी चालेल.

बाबांची वॅगन आर २०१२ सालची. २०२३ च्या जानेवारीत त्यांचं लायसन्स नूतनीकरणाला आलं. त्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागतो, आणि बाबांना काचबिंदू आहे. या दुखण्याची गंमत अशी की समोरचं अगदी स्वच्छ दिसतं, कमी होतं ते कडेचं. आणि तेही इतकं हळू, की ज्याचं कमी होतंय त्यालाच कळत नाही. तपासणीत एका यंत्रात डोकं घालून बसवतात, कडेला बारीक दिवे लुकलुकतात, दिसला की बटण दाबायचं. बाबांनी किती वेळा दाबलं ते मला माहीत नाही. बाहेर आले तेव्हा हातात एक कागद होता आणि त्यावर नको तिथे काळे डाग होते. घरी येऊन किल्ली खुंटीला लावली आणि म्हणाले, "आता ही विकायची." आम्ही कोणी काही बोललो नव्हतो. बोलायचं कसं यावर आईचं आणि माझं वर्षभर खलबत चालू होतं, ते वायाच गेलं!

जाहिरात मी लिहिली. 'एकहाती वापरलेली, उत्तम स्थितीत.' बाबांनी चष्मा लावून वाचली. "उत्तम म्हणजे काय?" म्हणाले, आणि स्वतः लिहायला बसले. ६१,००० किलोमीटर. मागचा डावा दरवाजा सोसायटीच्या फाटकाच्या खांबाला घासला होता, तो रंगवून घेतला आहे. एसीचा कॉम्प्रेसर २०१९ मध्ये बदलला. पुढचे दोन टायर वर्षभरात बदलावे लागतील. क्लच जड आहे. एअरबॅग नाहीत.

"बाबा, ही जाहिरात आहे की कबुलीजबाब?"

"विकत घेणाऱ्याला आठवड्यात कळणारच आहे. मग आजच कळू दे."

मग फोन सुरू झाले. निम्म्या लोकांना गाडीबद्दल काहीच विचारायचं नसतं. "शेवटचा भाव बोला," एवढंच. एक जण म्हणाला, मी सैन्यात आहे, पुण्याला बदली होते आहे, गाडी बघायची गरज नाही, आगाऊ रक्कम लगेच पाठवतो. आणि पाठवला क्यूआर कोड, 'स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील'. (मामेभावा, लक्ष दे. पिन लागतो तो पैसे द्यायला. घ्यायला कधीच लागत नाही.) बाबा म्हणाले, "गाडी न बघता पैसे देणारा माणूस आणि मुलगी न बघता होकार देणारं स्थळ, दोघांची चौकशी करावी." जुन्या गाड्या घेणाऱ्या एका कंपनीचा मुलगाही येऊन गेला. तासभर टॅब घेऊन गाडीभोवती फिरला, बॉनेट उघडून आवाज रेकॉर्ड केला आणि शेवटी असा आकडा सांगितला की आईने केलेला चहा त्याला द्यावा की नाही असा प्रश्न पडला. दिला अर्थात.

शेवटी फेब्रुवारीत साताऱ्याजवळच्या एका गावातून एक तरुण आला. मोटार रिवाइंडिंगचं छोटं दुकान आहे त्याचं. बरोबर गॅरेजवाला मेव्हणा आणि आई. मेव्हणा गाडीखाली शिरला. आई बाकावर बसून माझ्या आईशी गुडघ्यांबद्दल बोलू लागली. तो बाबांना म्हणाला, "काका, तुम्ही गाडीच्या खोड्या लिहिल्यात म्हणून एवढ्या लांब आलो. बाकी समद्या गाड्या नव्याच्या नव्या हायत." २,१५,००० ला ठरलं. मावशींनी बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं, चाकाशी नारळ फोडला आणि अर्धी वाटी आमच्याच हातावर ठेवली. बाबांनी त्याला शेजारी उभं करून रिव्हर्स पडायला कशी कुरकुरते, वायपरची कोणती बाजू फरा ओढते, असं सगळं सांगितलं. सासरी जाणाऱ्या मुलीच्या आवडीनिवडी सांगतात तसं.

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. गाडी अमुक तारखेला अमुक वाजता ताब्यात दिली असा कागद केला. पण आरसी पुस्तकावर अजून कर्ज देणाऱ्या बँकेचा बोजा होता. कर्ज २०१७ मध्येच फिटलेलं, पण बाबांना वाटलं फिटलं म्हणजे संपलं. तसं नसतं. बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ आरटीओत देऊन तो बोजा उतरवावा लागतो, त्याशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. म्हणजे सगळ्या खोड्या लिहिल्या, आणि जी खरी होती ती राहूनच गेली. बाबांना याची फार लाज वाटली. "पत्र आलं की लगेच पाठवतो," असं चारदा सांगून त्याला निरोप दिला.

संध्याकाळी बाबांचा मोबाइल वाजला. खेड शिवापूर टोलनाका, फास्टॅगमधून पैसे वजा. थोड्या वेळाने पुन्हा. आनेवाडी. बाबा म्हणाले, "पोचली."

काचेवरचा टॅग काढायचा राहून गेला होता! "बाबा, तो बंद करा. बँकेला फोन करून पाच मिनिटांत होतं."

"करतो उद्या."

तो उद्या काही येईना. बँकेचं पत्रही येईना. कर्जाची जुनी फाइल दुसऱ्या शाखेत, तिथले साहेब रजेवर, असं चालू होतं. आणि इकडे आठवड्यातून एकदोनदा फोन वाजायचा. आनेवाडी. पुन्हा आनेवाडी. एकदा खेड शिवापूरपर्यंत आली, तर बाबा म्हणाले, "पुण्यात आली आहे वाटतं." संध्याकाळी परतीचा संदेश आल्यावरच जेवायला बसले.

मी नेटवर वाचत होते आणि माझा धीर सुटत होता. विकली म्हणून गाडी आपली राहत नाही असं आपण समजतो, कायदा तसं समजत नाही. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव बदलून घ्यायचं असतं. आणि अपघात झाला तर? २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आहे की नोंदणी ज्याच्या नावावर, भरपाईच्या बाबतीत मालक तोच. गाडी मधल्या काळात कितीही हातांतून गेलेली असो. मी तो निकाल बाबांना वाचून दाखवला. त्यांनी नीट ऐकला.

त्याच एप्रिलमध्ये ग्लोबल एनकॅपने वॅगन आरच्या अपघात-चाचणीचा निकाल जाहीर केला. एक तारा. बाबा गाड्यांबद्दल सगळं वाचतात, अजूनही. ती चाचणी नव्या मॉडेलची होती, पण आपल्यात तर एअरबॅगही नाहीत, म्हणून त्यांनी त्या मुलाला फोन केला. "मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा. आईंना सांग." 'आपल्यात' हा शब्द त्यांचाच.

आणि मग तासवडे यायला लागलं. तासवडे म्हणजे साताऱ्याच्या पुढे, कराडच्या अलीकडचा नाका. एका आठवड्यात तीनदा, जाऊन-येऊन. एकदा पहाटे तीन वाजता. सकाळी बाबांनी फोन केला. मावशींना कराडला दवाखान्यात ठेवलं होतं. हातावर खोबरं ठेवणाऱ्या त्याच मावशी.

मी त्या दिवशी भांडले. गाडी तुमच्या नावावर, विम्याचा घोळ, तो रात्री-अपरात्री दमलेला चालवतो आहे, काही झालं तर कोर्टात कोण जाणार? निदान टॅग तरी बंद करा.

"रात्री तीनला नाक्यावर टॅग बंद दाखवला तर?"

"तर दुप्पट टोल भरेल. जीव नाही जाणार कोणाचा."

बोलून गेले, आणि लगेच वाटलं हे वाक्य परत घेता आलं तर बरं. बाबा रागावले नाहीत. म्हणाले, "गाडी माझ्या नावावर आहे असं तूच म्हणतेस ना? मग टोल मी भरला तर बिघडलं काय?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. पण दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि बँकेच्या त्या शाखेत जाऊन साहेबांसमोर बसून राहिले. चार तास. पत्र घेऊनच उठले. खरं तर हे मी फेब्रुवारीतच करायला हवं होतं. बाबांना धारेवर धरणं जास्त सोपं होतं, दुसरं काय?

पत्र आणि फॉर्म ३५ रजिस्टर पोस्टाने गेले. मावशी मे महिन्यात घरी आल्या. बाबा रोज सकाळी एम-परिवहन ॲपमध्ये आपल्याच गाडीचा नंबर टाकून बघायचे. जूनमध्ये एके दिवशी तिथे वेगळं नाव दिसलं. ॲपमध्ये मधली अक्षरं फुल्यांनी झाकलेली असतात, पण पहिलं अक्षर बाबांचं नव्हतं. मालक क्रमांक २. बाबांनी मोबाइल आईला दाखवला, मग मला. मग स्वतःच बँकेला फोन लावला आणि टॅग बंद केला. उरलेले पैसे आणि अनामत परत मिळते, तीही मिळाली.

त्या रात्री मोबाइल उशाशी न ठेवता बाहेर चार्जिंगला लावून झोपले.

म्हणजे बघा, फेब्रुवारीत किल्ली गेली, जूनमध्ये नाव गेलं. गाडी आपण हप्त्याने घेतो आणि ती जातेही हप्त्यानेच. एक गोष्ट मात्र अजून आमच्याकडेच आहे. विम्याचा नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो, त्यामुळे गाडी विकली तरी तो आपल्याकडे राहतो. बाबांचा पन्नास टक्के होता, म्हणजे सर्वांत जास्त मिळतो तेवढा. तीन वर्षांत नवी गाडी घेतली तर तिच्या विम्यात सवलत. नवी गाडी घ्यायची नव्हती हे सगळ्यांना माहीत होतं. तरी बाबांनी रीतसर अर्ज करून तो दाखला मागवला आणि फाइलीत लावला.

असो. मामेभावा, तुझ्यासाठी थोडक्यात: बोजा उतरव, ताबा दिल्याचा कागद कर, नाव बदलेपर्यंत पाठपुरावा सोडू नकोस.

हे लिहून झाल्यावर बाबांना विचारलं, तुम्ही स्वतः चार महिने टॅग ठेवलात आणि त्याला आधी काढायला सांगताय?

"म्हणूनच सांगतोय," बाबा म्हणाले. "नाहीतर संदेश आल्याशिवाय जेवायला बसायचा नाही."