किरणांचें माप

रेडियमचें नांव निघालें कीं आमच्या सुशिक्षित वर्गास एकच स्त्री आठवते, आणि ती म्हणजे मादाम क्यूरी. त्या आठवाव्या हें यथायोग्यच आहे. परंतु रेडियम शोधून काढणें ही एक गोष्ट आणि तें रोग्याच्या अंगास किती वेळ व किती अंतरावरून लावावें हें ठरविणें ही अगदीं दुसरी. पहिल्या गोष्टीस जग शोध म्हणतें व दुसरीस हिशेब. शोधास पारितोषिकें मिळतात, शोधकांचीं चरित्रें निघतात, त्यांचीं मराठींत भाषांतरेंही होतात. हिशेबनिसाचें चरित्र लिहावयास कोणी पुढें येत नाहीं, आणि त्यांतून तो हिशेबनीस स्त्री असली तर बोलावयासच नको. एडिथ क्विंबी ह्या अमेरिकन विदुषी अशाच एक हिशेबनीस होत्या. पदार्थविज्ञान शिकविण्यांत आमचीं पंचवीसांहून अधिक वर्षें गेलीं. पण आम्हीं वर्गांत वापरलेल्या क्रमिक पुस्तकांत त्यांचें नांव आम्हांस एकदांही आढळलें नाहीं.

त्यांचा जन्म १८९१ सालीं इलिनॉय संस्थानांत रॉकफर्ड येथें झाला. माहेरचें आडनांव हिंक्ली. व्हिटमन कॉलेजांतून १९१२ सालीं त्या पदवीधर झाल्या, कांहीं काळ शाळेंत मास्तरकी केली, मग बर्कली येथें एम्. ए. झाल्या, तेथेंच शर्ली क्विंबी ह्या सहाध्यायाशीं १९१५ सालीं त्यांचा विवाह झाला. (शर्ली हें तिकडे पुरुषाचेंही नांव असतें, एवढें सांगून ठेवलेलें बरें.) ह्यापुढची हकीकत आमच्या वाचकांस परकी वाटणार नाहीं. १९१९ सालीं पति न्यूयॉर्कास कोलंबिया विद्यापीठांत गेले. त्यांची डॉक्टरेट व्हावयाची होती आणि घरही चालावयाचें होतें. म्हणून बाईंनीं नोकरी पाहिली. ती मिळाली मेमोरियल ह्या कर्करोगाच्या रुग्णालयांत, जोआकिनो फाइला ह्या पदार्थवैज्ञानिकाच्या हाताखालीं. रुग्णालयानें पदार्थवैज्ञानिक पदरीं बाळगावा ही कल्पनाच तेव्हां अमेरिकेंत नवी होती. पतीस पुढें यथाकाल डॉक्टरेट मिळाली. बाईंना ती अभ्यास करून कधींच मिळाली नाहीं. व्हिटमन कॉलेजानें १९४० सालीं सन्मानार्थ दिली ती खरी, पण तोंवर त्यांच्या तक्त्यांवर कित्येक डॉक्टरांचा धंदा चालूं लागला होता.

हे तक्ते कशाचे, हें समजावयास त्या काळची स्थिति ध्यानीं घेतली पाहिजे. किरणांची मात्रा मोजण्याचें सर्वमान्य मापच नव्हतें. रॉन्टजेन हें एकक १९२८ सालीं आंतरराष्ट्रीय संमतीनें ठरलें. तत्पूर्वीं, आणि पुढेंही कांहीं वर्षें, डॉक्टरांचा तराजू म्हणजे रोग्याची कातडी. कातडी लाल झाली म्हणजे एक मात्रा पोंचली असें समजावयाचें. आतां गोऱ्या माणसाची कातडी एक, सांवळ्याची दुसरी. पोटाची एक, तळहाताची दुसरी. आणि गांठ तर कातडीच्या खालीं चार बोटें खोल असावयाची! वरची कातडी लाल झाली तेव्हां आंत किती पोंचलें हें कोणी सांगावें? फाइला व क्विंबीबाई ह्यांनीं तें मोजावयास घेतलें. कोणता किरण किती खोलीवर किती उरतो, धातूची चाळणी आड घातली तर काय फरक पडतो, निरनिराळ्या किरणांनीं कातडीवर सारखाच परिणाम व्हावयास प्रत्येकाचें प्रमाण किती लागतें, ह्या प्रश्नांवर बाईंनीं वर्षामागून वर्षें निबंध लिहिले. रेडियमची शक्ति निम्मी व्हावयास सुमारें सोळाशें वर्षें लागतात, पण त्यांतून निघणारा रेडॉन वायु पावणेचार दिवसांतच निम्मा होतो. आणि रुग्णालयांत ह्याच वायूच्या बारीक नळ्या वापरीत. सोमवारीं भरलेली नळी शुक्रवारीं निम्म्याहून कमी उरते. म्हणजे ज्या वस्तूचें माप घ्यावयाचें ती मोजतां मोजतांच सरत चाललेली!

त्यांच्या नांवाची जी पद्धति प्रसिद्ध आहे तिचें सार एका घरच्या दृष्टान्तानें सांगतां येईल. लग्नाच्या मांडवांत सारख्या तेजाचे दिवे सारख्या अंतरावर टांगले तर उजेड सर्वत्र सारखा पडत नाहीं. मध्यें अधिक पडतो, कारण मध्यावर चहूंकडचा उजेड येतो व कडेस एकाच अंगाचा. क्विंबीबाईंनीं रेडियमच्या सारख्या सुया सारख्या अंतरावर ठेवावयाच्या असें धरून, मध्यें किती व कडेस किती मात्रा पडेल ह्याचे तक्ते करून दिले. इंग्लंडांत मँचेस्टर येथें पॅटरसन व पार्कर ह्यांनीं १९३० नंतरच्या दशकांत उलट वाट धरली : उजेड सारखा हवा, मग दिवे कमीजास्त करा, कडेस अधिक टांगा. गणिताच्या दृष्टीनें मँचेस्टरची रीत आम्हांस अधिक देखणी वाटते. परंतु एकाच जातीच्या सुया पेटींत असलेल्या डॉक्टरास बाईंचा तक्ता अधिक उपयोगी पडे, हेंही खरें; आणि मध्यें मात्रा अधिक पडते हें त्यांनीं दडवून ठेवलें नाहीं, आंकड्यांत मांडून दाखविलें.

ह्याहूनही आम्हांस ज्या गोष्टीचें अगत्य वाटतें ती म्हणजे रोग्याकडे लागलेली त्यांची नजर तेथील नोकरांकडेही वळली. क्ष-किरणांनीं हात गमावलेल्यांची यादी तोंवर लांब झाली होती. एडिसनचा साहाय्यक क्लॅरेन्स डॅली ह्याचे दोन्ही हात कापावे लागले व १९०४ सालीं तो मरण पावला. खुद्द मादाम क्यूरी १९३४ सालीं रक्तक्षयाच्या विकारानें गेल्या. ह्या किरणांचा दुष्टपणा असा कीं ते लागतांना कळत नाहींत. चटका बसत नाहीं, वास येत नाहीं. १९२० नंतरच्या दशकांत मेमोरियलमध्यें क्विंबीबाईंनीं दंतवैद्य वापरतात त्या लहान फिल्मा कागदांत गुंडाळून तेथील माणसांच्या अंगावर दिल्या आणि कांहीं दिवसांनीं धुऊन पाहिल्या. फिल्म जितकी काळी तितका किरण अधिक. तो काळेपणा माहीत असलेल्या मात्रेच्या काळेपणाशीं ताडून पाहिला कीं कोणाच्या अंगास किती लागलें तें कळे. ही युक्ति इतकी साधी आहे कीं शाळेंतल्या मुलासही सुचावी, असें वाटतें. पण ती नोकरांवर नियमानें चालविण्यास आधीं नोकरांची काळजी वाटावी लागते. सुई बोटांत धरण्याऐवजीं लांब चिमट्यानें धरावी, हा उपदेशही त्याच जातीचा. अंतर एक सेंटिमीटरचें तीस झालें तर किरण नऊशांव्या हिश्शावर येतो. आमच्या घरोघरच्या बायका चुलींतला निखारा चिमट्यानेंच उचलीत आल्या, त्यांस हा नियम कोणी शिकविला नव्हता.

पुढच्या हकीकतीवर फार वेळ घालवीत नाहीं. अमेरिकन रेडियम सोसायटीचें जेनवे पदक १९४० सालीं, उत्तर अमेरिकेच्या किरणवैद्यक संस्थेचें सुवर्णपदक १९४१ सालीं. १९४३ पासून कोलंबियाच्या वैद्यक महाविद्यालयांत अध्यापन. १९४४ सालीं इतर तिघांसह लिहिलेला किरणवैद्यकाच्या पायाभूत पदार्थविज्ञानावरील ग्रंथ. मग किरणोत्सर्गी सोडियम व आयोडीन ह्यांचा वैद्यकांत वापर, आणि तीं द्रव्यें सांडलीं-लवंडलीं तर काय करावें ह्याचे नियम. पूर्ण प्राध्यापकपद १९५४ सालीं मिळालें, म्हणजे साठी उलटल्यावर. १९६० सालीं त्या निवृत्त झाल्या व १९८२ सालीं, एक्याण्णव वर्षांच्या होऊन, वारल्या.

हें एक्याण्णव वर्षांचें आयुष्य आम्हांस नुकतेंच एका प्रसंगीं तोंडाशीं आलें होतें. आमची एक विद्यार्थिनी एम्. एस्सी. झाली व मुंबईस भाभा अणुसंशोधन केंद्राच्या किरणभौतिकीच्या पदविकेसाठीं अर्ज करूं म्हणाली. हा अभ्यासक्रम १९६२ पासून चालतो, व त्यांतून निघालेलीं माणसें देशभरच्या रुग्णालयांत हेंच मापाचें काम करितात. तिचे वडील आमच्याकडे आले. गृहस्थ भला, पण फार धास्तावलेला. म्हणाले, "सर, आमच्या ताईला पंचवीस दिवस किरण दिले. अजून कमरेशी डाग आहे. त्याच किरणांच्या खोलीत पोरीला रोज धाडू? उद्या तिचं लग्न व्हायचंय, मूलबाळ व्हायचंय."

क्विंबीबाई नव्वदी ओलांडून गेल्या, हें उत्तर सोपें होतें. परंतु आम्हीं तें दिलें नाहीं. एका बाईच्या दीर्घायुष्यावरून निर्भयता सिद्ध होत नाहीं, जशी एका बाईच्या मृत्यूवरून भीति सिद्ध होत नाहीं. आम्हीं आंकडे सांगितले. १९३४ सालीं आंतरराष्ट्रीय मर्यादा दिवसास ०.२ रॉन्टजेन होती. आजच्या भाषेंत वर्षास सुमारें ५०० मिलिसीव्हर्ट. आज ती पांच वर्षांच्या सरासरीनें वर्षास २० आहे, आणि कर्मचारिणीनें गर्भ राहिल्याचें कळविल्यावर गर्भास उरलेल्या काळांत १ हून अधिक पोंचूं द्यावयाचें नाहीं असा आमच्याकडील नियम आहे. किरण चालू असतां रोगी खोलींत एकटा असतो. हिशेब करणारी भिंतीपलीकडे. तिच्या छातीवर बिल्ला असतो आणि तीन-तीन महिन्यांनीं तो वाचला जातो. ताईंच्या रोगट भागास त्या पंचवीस दिवसांत ५० ग्रे मात्रा पोंचली असावी. दोन्ही मापें एका जातीचीं नव्हेत, तरी अंतर कळावयास पुरे.

गृहस्थांनीं ऐकून घेतलें; पण आंकड्यांनीं त्यांची समजूत पटली असें आम्हांस दिसलें नाहीं. मुलगी इतका वेळ दाराशीं उभी होती. ती म्हणाली, "बाबा, आत्याचा डाग नीट पाहिलात का? चौकोनी आहे. कडा सरळ आहेत. कोणीतरी मोजून तेवढीच जागा धरली, म्हणून बाकीचं अंग वाचलं."

ते कांहीं बोलले नाहींत. चहा झाला, पावसाच्या गोष्टी झाल्या, आणि उठतांना त्यांनीं विचारलें, "अर्जाची शेवटची तारीख कोणती, सर?" अर्ज गेला आहे. बोलावणें यावयाचें आहे. त्याची चौकशी करण्यास ते ह्या महिन्यांत दोनदां येऊन गेले.