हबे आमरीच्या वाटेवर : सातारा ते पाचगणी

पहिला दिवस : सातारा ते कास

हॅबेनारिया, म्हणजेच हबे आमरी, ही जमिनीत वाढणाऱ्या ऑर्किडची मोठी प्रजाती. जगाच्या उष्ण भागांत तिच्या सुमारे आठशे जाती आहेत. यवतेश्वरचा घाट चढून कास पठारावर पोहोचले, की त्यांपैकी काही भाद्रपदात फुललेल्या दिसतात. पठार सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे. जांभ्याच्या कातळावर मातीचा पातळ थर, पावसात चिखल आणि उन्हाळ्यात रखरखाट. अशा जागी ही वनस्पती तगते ती जमिनीखालच्या कंदामुळे.

दुसरा दिवस : कास पठार

गवतात हॅबेनारिया हेनियानाचे तुरे उभे असतात. पांढरट फुले दांड्याच्या एकाच बाजूला दाटीने लागतात, म्हणून तिला टूथब्रश ऑर्किड म्हणतात. हॅबेनारिया लाँगिकॉर्निक्युलाटाचे फूल मोठे, पांढरेशुभ्र. त्यामागे बोटाहूनही लांब, हिरवट नळी लोंबते. मध नळीच्या तळाशी असल्याने तिथवर पोहोचायला लांब सोंडेचा पतंगच लागतो.

तिसरा दिवस : पाचगणी

हॅबेनारिया पंचगनिएन्सिस या जातीला पाचगणीचेच नाव आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव आणि कपाडिया यांनी तिचे वर्णन केले. या दोघांचा मुंबई प्रांतातील ऑर्किडवरचा ग्रंथ १९६६ साली निघाला.

चौथा दिवस : परसबागेतील कुंडी

घरी परतल्यावर हबे आमरी कुंडीत लावायची, तर लागवडीत कंदाचे वर्षचक्र सांभाळणे सर्वांत महत्त्वाचे. हिवाळ्यात कुंडी रिकामी केली की जुना कंद काळपट, सुरकुतलेला दिसतो आणि शेजारी नवा, पांढरा, टणक कंद. पुढच्या वर्षीचे झाड या नव्या कंदातून येते. पाण्याचा निचरा पटकन होईल असे मिश्रण घ्यावे : जांभ्याचे बारीक खडे, जाड वाळू आणि थोडे पानांचे खत. कंद दोन-तीन सेंटिमीटर खोल लावावा. कोंब दिसल्यावर बेताने पाणी सुरू करावे. वाढीच्या काळात ओल टिकवावी, पण पानांच्या बेचक्यात पाणी साचू देऊ नये, कोंब कुजतो. शक्यतो पावसाचे पाणी द्यावे, खत अगदी पातळ. पाने पिवळी पडू लागली की पाणी कमी करत बंद करावे आणि कुंडी पावसाळ्यापर्यंत सावलीत, जवळजवळ कोरडी ठेवावी. बहुतेक कंद याच काळात जास्त पाण्याने सडतात.

धुळीसारख्या बियांना रानात रुजण्यासाठी मातीतली विशिष्ट बुरशी लागते, त्यामुळे उपटलेल्या झाडाची जागा सहजी भरून निघत नाही. पठारावरचा कंद पठारावरच राहू द्यावा. कुंडीसाठी रोपवाटिकेत वाढवलेलाच कंद घ्यावा.