सोळावा अंक

आमच्या एकत्र कुटुंबाचा हिशेब पूर्वीं चोपडींत असे; हल्लीं तो संगणकावरील स्प्रेडशीटमध्यें असतो. गेल्या वर्षीं वाईच्या आत्याबाईंच्या औषधपाण्याचे पैसे दोन महिने परत आले. तें आमच्या नजरेस आलें नाहीं, हा दोष आमचाच. आत्याबाईंनीं मात्र "मुलांची ओढाताण असेल" असें मनाशीं धरून एका शब्दानेंही विचारिलें नाहीं!

शोध करितां कळलें कीं, त्यांचा खातेक्रमांक सोळा अंकी. आणि हें यंत्र पंधरा अंकांपुढें संख्या जपीत नाहीं. शेवटच्या साताच्या जागीं त्यानें बिनदिक्कत शून्य मांडिलें होतें.

क्रमांक लिहिण्यापूर्वींच रकाना निवडून त्याचें स्वरूप 'टेक्स्ट' करावें. मग यंत्र त्यांस संख्या न मानतां अक्षरें मानतें, आरंभींचीं शून्येंही गिळीत नाहीं. मागाहून केल्यास गेलेला अंक परतत नाहीं. (मानवी जनुकांचीं नांवें ठरविणाऱ्या समितीनें तर, 'मार्च१' सारख्या नांवांच्या तारखा होतात म्हणून, तीं नांवेंच बदलल्याचें 2020 सालीं जाहीर केलें.)

अखेर आम्ही वाईस गेलों. आत्याबाई पासबुक डोळ्यांजवळ धरून एकेक अंक सांगत होत्या, आणि आम्ही लिहीत होतों.