नवा प्रोसेसर येतोय म्हणे

स्वस्तात कॉम्प्युटर असेंबल करून घ्यायला निघालेल्या माणसाला कुणी ना कुणी अडवतंच : जरा थांब, नवा प्रोसेसर येतोय. सांगणारा भल्यासाठीच सांगत असतो. ऐकणाऱ्याने पैसे एकेक करून साठवलेले असतात, म्हणून ते वाक्य त्याच्या मनात घर करून बसतं. ते खोटंही नसतं. नवा प्रोसेसर सदैव येतच असतो. गॉर्डन मूर यांनी 1965 साली लिहिलं की चिपवर मावणाऱ्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत जाईल. 1975 मध्ये त्यांनीच तो काळ दोन वर्षांवर नेला. तेव्हापासून जगातला प्रत्येक कॉम्प्युटर दुकानाची पायरी उतरता उतरता जुना होत आला आहे.

2025 च्या नवरात्रात हा प्रश्न आमच्या घरी येऊन बसला. टेंभी नाक्याला राहणाऱ्यांचं नवरात्र वेगळं असतं. 1978 साली आनंद दिघे यांनी सुरू केलेला इथला देवीचा उत्सव आता सगळ्या ठाणे जिल्ह्याचा झालाय. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या देवळाची भलीमोठी प्रतिकृती उभी राहते, जांभळी नाक्यापासून सिव्हिल हॉस्पिटलपर्यंत माणसंच माणसं, आणि ओळखीपाळखीचे सगळे दर्शन झालं की आमच्याकडे चहाला टेकतात. डोंबिवलीहून बहीण, भावोजी आणि भाची आली होती. भाची अ‍ॅनिमेशन शिकते, दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजची लॅब बंद झाली की तिचं काम थांबायचं. घरच्या लॅपटॉपवर ब्लेंडर हे सॉफ्टवेअर उघडायचं खरं, पण एक फ्रेम रेंडर होईपर्यंत स्वयंपाक होऊन जेवणं उरकायची. भावोजींनी चाळीस हजार बाजूला काढले होते आणि दसऱ्याला कॉम्प्युटर घरात यावा अशी त्यांची इच्छा होती.

"मावशी, पण माझा मित्र म्हणतो थांब. पुढच्या वर्षी नवीन सिरीज येतेय. आत्ता घेतलं तर फसशील."

"फसणं कशाला म्हणतो तो?"

"म्हणजे तेवढ्याच पैशात जास्त चांगलं मिळालं असतं."

मित्राच्या बोलण्यातला 'तेवढ्याच पैशात' हा भाग मला तपासून घ्यावासा वाटला, कारण कमी पैशांच्या गिऱ्हाइकाचं नुकसान नेमकं तिथे होतं. प्रोसेसरची नवी पिढी वरून खाली येते. आधी महागडे येतात, त्यांचा गाजावाजा होतो, आणि आपल्या खिशाला झेपणारा भाऊबंद मागाहून, कधी कधी फारच मागाहून येतो. एएमडीच्या झेन 3 पिढीचा रायझन 5 5600एक्स नोव्हेंबर 2020 मध्ये 299 डॉलरला आला. त्याचा स्वस्त भाऊ, साधा 5600, 199 डॉलरला यायला एप्रिल 2022 उजाडला. मध्ये सतरा महिने गेले. इंटेलची बारावी पिढी नोव्हेंबर 2021 मध्ये आली तेव्हाही पहिला मान महागड्यांचाच होता. आय3-12100 त्यानंतर जानेवारीत आला. त्यावर आपल्याकडे नव्या मालाचा भाव पहिले काही महिने चढाच असतो, वर 18 टक्के जीएसटी. म्हणजे 'पुढच्या वर्षी येतोय' हे ज्याच्याबद्दल बोललं जातं तो प्रोसेसर चाळीस हजारांच्या हिशेबात पुढच्या वर्षी बसतच नाही. तो बसेल तेव्हा त्याच्याही पुढच्याची बातमी आलेली असेल. भाचीचं तिसरं वर्ष तोवर संपलेलं असेल. मला राग येतो तो याचा : शिकणाऱ्या मुलीच्या वर्षाला या हिशेबात कुणी किंमतच लावत नाही.

नवं म्हणजे बरंच, असंही नाही. 1994 मध्ये इंटेलच्या पेंटियमच्या भागाकारात चूक सापडली आणि कंपनीला चिपा बदलून द्याव्या लागल्या. 2024 मध्ये तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या काही प्रोसेसरांना जास्तीच्या व्होल्टेजने इजा होते असं उघड झालं, तेव्हा वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरात आलेला नवाकोरा कोअर अल्ट्रा 200एस बऱ्याच गेममध्ये आधीच्याच पिढीच्या मागे पडला. दोन-तीन वर्षं बाजारात फिरलेल्या चिपेचे गुणदोष मात्र सगळ्यांना पाठ असतात, आणि ज्याच्याकडे दुसऱ्यांदा घ्यायला पैसे नाहीत त्याच्यासाठी हे फार मोलाचं आहे.

दसऱ्याच्या मुहूर्ताबद्दलही मला सांगायचंय. भावोजींच्या आग्रहाला भाची भाबडेपणा म्हणत होती. मला तसं वाटत नाही. मुहूर्त ठरलेल्या तारखेला येतो. घरातली पैशांची जुळवाजुळव, चर्चा, मतभेद, सगळं त्या दिवसाच्या आत उरकावं लागतं. झेंडूचा हार घालायला समोर वस्तू हवी. साडेतीन मुहूर्तांनी किती संसारांचे अडलेले निर्णय मार्गी लावले असतील!

दसरा 2 ऑक्टोबरला होता. रविवारी लॅमिंग्टन रोडवरची बहुतेक दुकानं बंद, म्हणून आम्ही दोघी शनिवारी निघालो. नाक्यावरून चालत स्टेशन, फास्टने दादर, तिथून पश्चिमेची स्लो पकडून ग्रँट रोड. या रस्त्याचं कागदोपत्री नाव डॉ. भडकमकर मार्ग, बाजार त्याला लॅमिंग्टन रोडच म्हणतो. ठाण्यातही चांगली दुकानं आहेत आणि ऑनलाइन तर सगळंच आहे, तरी पहिला कॉम्प्युटर इथून घ्यावा असं मला वाटतं. इथे चार दुकानांत चार कोटेशनं हातात पडतात आणि तासाभरात आपल्याला प्रश्न विचारता यायला लागतात. बॉक्स पीस की ट्रे पीस? बॉक्समध्ये बहुधा कूलर येतो, कंपनीची वॉरंटी येते. ट्रेचा भाव कमी, पण वॉरंटी कोण देणार ते विचारून घ्यायचं. एका दुकानात भाचीला इंटेलचा शेवटी 'एफ' असलेला प्रोसेसर स्वस्त पडत होता. तिचे डोळे चमकले. मी तिला त्या अक्षराचा अर्थ सांगितला : यात ग्राफिक्स नाही, वेगळं कार्ड घेईपर्यंत स्क्रीनवर काहीच दिसणार नाही.

खरा विचार आम्ही प्रोसेसरचा केलाच नाही, मदरबोर्डाचा केला. समोर दोन वाटा होत्या. एक एएम5 : 2022 साली आलेला सॉकेट, त्याला डीडीआर5 रॅमच लागते, बोर्ड महाग, पण 2027 आणि त्यापुढेही तो चालवू असं एएमडीने सांगितलेलं, त्यामुळे पुढे फक्त चिप बदलून भागतं. दुसरी एएम4 : जुना, त्याची वाढ जवळपास संपलेली, पण बोर्ड स्वस्त, डीडीआर4 स्वस्त, सगळं हाताशी. भाचीला एएम5 चा मोह होता आणि तो चुकीचा नव्हता. पण त्या वाटेने गेलं तर चाळीस हजारांत रॅम 8 जीबीवर अडकत होती आणि एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, कुठला तरी घ्यावा लागत होता. ब्लेंडरला 8 जीबी फार लवकर कमी पडते. आम्ही एएम4 चा बोर्ड, सहा कोअरचा रायझन 5 5600जी, आणि 8-8 जीबीच्या दोन रॅम घेतल्या. 16 ची एकच पट्टी घेतली नाही, कारण 5600जीमधलं ग्राफिक्स कॉम्प्युटरच्याच रॅमवर जगतं आणि दोन पट्ट्या दोन रस्त्यांनी त्याला पुरवठा करतात. दुकानदाराने बोर्डाचा खोका फिरवून 'रायझन 5000 डेस्कटॉप रेडी' हा स्टिकर दाखवला. जुन्या स्टॉकच्या बोर्डात जुना बायोस, म्हणजे बोर्ड सुरू करणारं सॉफ्टवेअर, असला तर तो नवी चिप ओळखत नाही आणि घरी नेल्यावर पडदा काळाच राहतो. न विचारता त्याने ते दाखवलं, म्हणून सगळा माल त्याच्याकडूनच घेतला.

दसऱ्याला डोंबिवलीत पूजेआधी भाचीने स्वतः जोडणी केली. सॉकेटचा बारीक दांडा उचलला. प्रोसेसर कडांना धरून उचलायचा, पोटाला 1331 पिना, केसासारख्या. एका कोपऱ्यावर छोटा सोनेरी त्रिकोण असतो, तसाच सॉकेटच्या कोपऱ्यावर. दोन्ही जुळले की चिप नुसती ठेवायची, दाबायची नाही. ती आपल्या वजनाने खाली बसते. ती बसली तेव्हा भाचीने रोखलेला श्वास सोडला. मग बोर्डावरचे प्लॅस्टिकचे कंस काढायचे होते, आणि ते काढताना मागची लोखंडी पट्टी निसटते, म्हणून भावोजी बोर्डाच्या मागे हात लावून उभे. कूलरच्या तळाला राखाडी पेस्टचा थर आधीच दिलेला, त्याला बोट लागू द्यायचं नाही. चार स्क्रू एकाआड एक, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत नेले. बटण दाबल्यावर पंखा फिरला आणि बायोसच्या पानावर प्रोसेसरचं नाव आलं, तेव्हा माझ्या बहिणीने, जिला यातलं काही कळत नाही, त्या पानालाच हळदकुंकू वाहिलं.

दिवाळी झाली आणि रॅमचे भाव चढू लागले. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी कमी पडू लागली, कारखान्यांनी आपला माल तिकडे वळवला, आणि काही आठवड्यांत रॅमचा भाव दुपटीच्या पुढे गेला. डिसेंबरच्या सुरुवातीला मायक्रॉनने तर क्रुशियल हा आपला सामान्य गिऱ्हाइकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. बेतात कॉम्प्युटर जोडणाऱ्या कितीतरी पोरांची पहिली रॅम, पहिली एसएसडी क्रुशियलची होती. जे प्रोसेसरसाठी थांबले त्यांना प्रोसेसर मिळेल, पण त्याच्या शेजारी बसवायची रॅम मिळवताना त्यांची दमछाक होते आहे. हे सप्टेंबरात मला दिसत नव्हतं. कॉम्प्युटर सात-आठ भागांचा असतो, थांबायचं म्हटलं तर त्या प्रत्येकाच्या भावावर आपण पैज लावत असतो, आणि प्रोसेसरकडे बघत बसलेल्या माणसाला हे लक्षातच येत नाही.

थांबू नये असा माझा हट्ट नाही. पुढची रिकामी येईल म्हणून भरलेली लोकल सोडणारा ठाणेकर आधी इंडिकेटर बघतो. तारीख जाहीर झालेली असेल, ती महिन्या-दोन महिन्यांवर असेल, येणारी वस्तू आपल्या बजेटातली असेल आणि हातातलं काम चालू असेल तर खुशाल थांबावं. नवीन आलं की जुन्याचे भाव उतरतात, तो फायदाही खरा आहे. नुसत्या कुजबुजीवर थांबणारे मात्र विकणाऱ्यालाही बुडवतात. तमिळनाडूतल्या तिरुवण्णामलैत वाढलेले अ‍ॅडम ऑस्बोर्न यांनी 1981 मध्ये उचलून नेता येणारा कॉम्प्युटर 1795 डॉलरला आणला आणि तो धडाधड खपला. दोनच वर्षांत त्यांच्या पुढच्या मॉडेलांची चर्चा बाहेर फुटली, विक्रेत्यांनी हातातल्या मागण्या थांबवल्या. सप्टेंबर 1983 मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. कारणं आणखीही होती, पण थांबलेल्या गिऱ्हाइकांनी घाव घातला तो घातलाच.

गेल्या महिन्यात कल्याणहून भाचीच्या वर्गातला एक मुलगा आला. त्याच्याकडे मोठ्या भावाने 2017 मध्ये घेतलेला कॉम्प्युटर आहे, पहिल्या पिढीचा रायझन, बी350 बोर्ड, 16 जीबी डीडीआर4. काम होतं, पण रडतखडत. त्याला सगळं विकून नवीन घ्यायचं होतं. मी त्याला काहीही विकू नकोस म्हणाले. ती रॅम आज सोन्यासारखी जपायची आहे, आणि 2022 मध्ये एएमडीने या जुन्या बोर्डांनाही 5000 सिरीज चालवायची मुभा दिलेली आहे. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर जाऊन आपल्या मॉडेलचा बायोस शोधायचा, पेन ड्राइव्हवर घ्यायचा, वीज जाणार नाही अशा वेळी, जमल्यास यूपीएसवर, अपडेट करायचा, आणि तो जुन्या प्रोसेसरवर असतानाच, कारण नवा बसवल्यावर उशीर झालेला असतो. मग साधा 5600 आणून त्याच सॉकेटमध्ये ठेवायचा. बोर्ड, रॅम, कॅबिनेट, एसएमपीएस आणि ग्राफिक्स कार्ड आहे तेच राहील. एएम5 त्याने रॅमचे भाव उतरल्यावर बघावा. त्याचा बोर्ड नक्की कुठला, त्याचा फोटो तो रात्री पाठवणार होता. फोटो आलाय, आणि त्या मॉडेलचा बायोस साइटवर आहे.