निळं पाणी

शरदाच्या सुट्टीत चिरंजीवांना शाळेसाठी स्फटिक वाढवायचा होता. मी म्हटलं, "अरे, त्यात काय! मोरचूद मागवू." तासगावला आजोबांच्या द्राक्षबागेत मोरचुदाची पोतीच असायची. 100 लिटर पाण्याला 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, झालं बोर्डो मिश्रण! आजोबा त्यात विळा बुडवून बघायचे. पात्यावर तांबूस थर चढला की म्हणायचे, "चुना कमी पडला." हातमोजे कुणाला ठाऊक!

त्याच तोऱ्यात मी स्वयंपाकघरातल्याच काचेच्या पेल्यात द्रावण करून खिडकीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी धाकटीने पेला थेट तोंडाशी नेला. इथे बाड हॉम्बुर्गच्या कुरपार्कात झऱ्याचं पाणी पेल्यातून चाखायची तिला सवय. त्यात हे तर छान निळं! सौ. ओरडली म्हणून वाचलो.

रात्री डबीवरचं लेबल प्रथमच नीट वाचलं. गिळल्यास अपायकारक, डोळ्यांना गंभीर इजा, पाण्यातल्या जीवांना अतिशय विषारी. म्हणजे मोरीतही ओतायचं नाही. ऑफिसात दुसऱ्यांना सुरक्षिततेचे धडे देणारा मी, घरी मात्र लेबलही न वाचणारा!

आता स्फटिक तळघरात, कुलपात, झाकणाच्या बरणीत वाढतोय. हात लावायचा तो चष्मा आणि हातमोजे घालूनच. उरलेलं द्रावण घातक कचऱ्याच्या गाडीकडे जाईल. बरणीवर चिरंजीवांनी जर्मनबरोबर मराठीतही लिहिलंय, "पीऊ नये". ऱ्हस्व-दीर्घ चुकलंय खरं, पण मंडळी, या खेपेला चूक माझीच मोठी होती.