डाग कुणाचा ते कळलं, पण कुठला?

‘‘म्हणजे ‘सीआयडी’तल्या डॉ. साळुंखेंसारखं काम?’’ पोह्यांची डिश हातात घेऊन मुलानं विचारलं. मुलगा बरा होता. आयटीतला, हिंजवडीला नोकरी. मी म्हटलं, साधारण तसंच, पण आमच्याकडे दोन रंगीत पाणी एकमेकांत ओतून खुनी सापडत नाही. ‘‘मग नक्की काय करता?’’ मी खरं ते सांगून टाकलं. डाग तपासते. रक्त, लाळ, वीर्य. आईनं डोळे मिटले. पोहे तसेच राहिले आणि स्थळही!

आजीला तर बरेच दिवस वाटत होतं, की मी सीए झालेय. चूक तिची नाही. आमच्या अहवालाला पोलीस आणि कोर्टवाले ‘सीए रिपोर्ट’च म्हणतात. केमिकल ॲनालायझरचा.

तर, डाग. डीएनए आला म्हणजे सगळं सुटलं, असं लोकांना वाटतं. १९८४मध्ये ॲलेक जेफ्रीज यांनी लेस्टरला डीएनए फिंगरप्रिंटिंग शोधलं, तेव्हापासून ‘डाग कुणाचा’ हे सांगता येऊ लागलं, हे खरंच. पण माझी लाळ आणि माझं रक्त, दोन्हींत डीएनए तोच. मग तो डाग शरीरातून कुठून आला? इथं प्रोफाइल गप्प बसतं. त्यासाठी आमच्या जुन्या टेस्ट्स असतात. शाळेच्या लॅबमधलं फिनॉल्फ्थॅलिन आठवतंय? त्याचंच रंग काढून घेतलेलं रूप डागावर टाकायचं, वर हायड्रोजन पेरॉक्साइड. गुलाबी झालं तर बहुधा रक्त. बहुधाच, कारण काही भाज्यांचे रसही गुलाबी होऊन दाखवतात. आणि समजा, रक्तच आहे हे पक्कं झालं, तरी ते कुठलं रक्त?

काही वर्षांपूर्वी सीलबंद मुद्देमालात एक सलवार आली. फिकट पिस्ता रंगाची. बाईचं म्हणणं, नवऱ्यानं मारलं, मांडीला लागलं, रक्त आलं. तक्रार द्यायचं धाडस यायला तिला महिना लागला. तोवर जखम भरून नुसता व्रण राहिला होता. नवऱ्याचं म्हणणं एका ओळीचं होतं. ‘पाळीचा डाग आहे.’

मी तपासलं. रक्त माणसाचं. डीएनए तिचाच. पण त्यावर वाद होताच कुठे? जे विचारायचं होतं त्याचं उत्तर द्यायची सोय आमच्याकडे नव्हती. मी दोन ओळी लिहिल्या, सही केली. दोन्ही ओळी शंभर टक्के खऱ्या आणि तिच्या काही उपयोगाच्या नाहीत. खटल्याचा निकाल आम्हाला कुणी कळवत नाही. मीही विचारला नाही. खोटं कशाला बोलू, धीर झाला नाही.

गंमत म्हणजे उत्तराची वाट तेव्हाही माहीत होती. अमेरिकेत जुसोला आणि बॅलन्टाइन या दोघांनी २००३मध्येच मेसेंजर आरएनएवरून डाग ओळखायची पद्धत मांडली होती. कल्पना सोपी आहे. प्रत्येक पेशीजवळ पुस्तक तेच, पण उघडलेलं पान वेगळं. आरएनए म्हणजे त्या उघड्या पानाची नक्कल. लाळेत एचटीएन३ आणि एसटीएटीएच या जीन्सचा आरएनए सापडतो, वीर्यात पीआरएम१ आणि पीआरएम२चा. रक्तात हिमोग्लोबिनच्या जीनचा, मग ते जखमेचं असो की पाळीचं. पण पाळीत गर्भाशयाचं अस्तर सुटतं, ते सोडवणारी एन्झाइम्स कामाला लागतात. एमएमपी७, एमएमपी१० ही त्यांची नावं. त्यांचा आरएनए डागात दिसला, तर बोट पाळीकडे. आरएनए नाजूक, लगेच खराब होतो, असं आम्ही कॉलेजात घोकलं होतं. पण डाग नीट वाळला आणि कोरडा राहिला, तर तो वर्षानुवर्षं टिकतो.

अर्थात जादू इथंही नाही. पाळीचा दिवस कितवा, यावर एमएमपी कमी-जास्त दिसतात. ते दिसले नाहीत म्हणून जखम सिद्ध होत नाही. पण माझ्या अहवालात तिसरी ओळ आली असती.

मध्यंतरी एका ट्रेनिंगमध्ये ही टेस्ट आम्हाला स्वतःच्या हातानं करायला मिळाली. तुलनेसाठी पाळीच्या रक्ताचे नमुने हवे होते. शिकवणारे सर एरवी खुनाच्या चाकूविषयी डबा खाता खाता बोलणारे. पण हे सांगताना त्यांचा आवाज एकदम खाली गेला. ‘‘लेडीज स्टाफपैकी कुणाला... म्हणजे ऐच्छिक आहे हं...’’ मला आमची आजी आठवली. मला ‘कावळा शिवला’ की ती घोंगडी वेगळी घालायची आणि लोणच्याची बरणी उचलून आत ठेवायची. दुसऱ्या दिवशी मी कापसाचा बोळा पाकिटात घालून सरांच्या टेबलावर ठेवला. सोबत बोटातून काढलेल्या रक्ताचं दुसरं पाकीट.

दोन्ही माझीच. डीएनएचा आलेख रेघ न रेघ सारखा. आरएनएच्या आलेखात एकीकडे एमएमपीचे उंच सुळके आणि दुसरीकडे त्याच जागी सपाट मैदान. मी कितीतरी वेळ बघत बसले.

सरांनी पाकिटावर नुसतं ‘नमुना क्र. ४’ लिहिलं होतं. मी पेन घेतलं आणि खाली लिहिलं, ‘मासिक पाळीचं रक्त, दिवस दुसरा’.